आमचं पितळ उघडं पडतं

पितळी घागर विकत घेताना आपल्या बायका काय करतात, ते आपण सगळ्यांनी दुकानाच्या पायरीवर ताटकळत, या पायावरचा भार त्या पायावर टाकत पाहिलेलं आहे. आधी त्या घागरीला टिचकी मारतात. मग ती उलटी करून बूड तपासतात. मग उजेडाकडे धरून आत डोळा लावतात. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर दुकानदाराला सरळ सांगतात, "पाणी भरून दाखवा." घागर चकाकते किती, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. चकाकी काय, चिंचेचा कोळ लावला की घरीही आणता येते. गळकी घागर मात्र चिंचेने बुजत नाही.

आता समजा, ही घागर कुणी ओढून लांबट केली, तिला वीस-बावीस भोकं पाडली, प्रत्येक भोकावर एकेक झाकण बसवलं, खालचं टोक हत्तीच्या सोंडेसारखं वर वळवलं आणि तिचं नाव सॅक्सोफोन ठेवलं. शिवाय ती साठ-सत्तर वर्षांची जुनी आहे, असंही सांगितलं. की संपलं! पाणी भरून बघणारी सारी शहाणी माणसं एका क्षणात वेडी होतात. एक म्हणतो, "काय चकाकतोय हो!" दुसरा म्हणतो, "कंपनी कुठली?" तिसरा चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधू लागतो. चौथा दिवाणखान्यातली भिंत मोजायला घेतो. "गळतो का?" एवढं मात्र कुणी विचारत नाही.

हा लेख मी या चौघांशी भांडण्यासाठी लिहितो आहे. चौघांपैकी पहिल्या क्रमांकाच्या मूर्खाला मी फार जवळून ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना तो मला आरशात भेटतो.

त्याचं असं झालं.

आंबागड ही माझी सासुरवाडी. भंडारा जिल्ह्यात तुमसरहून पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला लागून हे गाव आहे. भाताच्या बांध्या, पळसाची झाडं आणि डोक्यावर किल्ला. १७०० सालाच्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या राजखान पठाण नावाच्या सुभेदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं पाणी पाजून संपवत असत, असं गावात सांगतात. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी मला हा किल्ला दाखवायला नेलं आणि ही हकीकत त्या विहिरीच्या काठावर उभं करून सांगितली. जावयाशी बोलण्याची ही पद्धत मला तेव्हाही सूचक वाटली होती.

ते लग्न १९७९ सालचं. वरातीत पंचक्रोशीत गाजलेला बँड होता आणि त्यात एक आल्टो सॅक्सोफोन होता. घोड्यावर बसलेल्या माझ्या कानापाशी त्याने 'आरजू' या १९६५ सालच्या चित्रपटातलं विरहगीत असं काही आळवलं की घोडासुद्धा मान खाली घालून चालू लागला. मूळ गाण्यात मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आहे, हे मला पुढे कळलं. लग्नात विरहगीत का, हे तर फारच पुढे कळलं. पण त्या सुराने त्या संध्याकाळी मला धरलं ते कायमचं. जरा दाणेदार, जरा घोगरा, माणूस रडू आवरून बोलतो तसा तो सूर होता. वाजवणारे होते खुद्द बँडमास्तर. गाव त्यांना नुसतं 'मास्तर' म्हणतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. लग्नात डीजे आला आणि वरातीतला बँड आधी निम्मा झाला, मग गेलाच. मास्तरांचा युनिफॉर्म आधी खुंटीवर गेला, मग गोधडीत गेला. आणि गेल्या वर्षी एके दिवशी माझ्या मेव्हण्याचा फोन आला.

"जवाईबापू, गावात एक जुनी आल्टो आहे. पाहाले येता का?"

मला वाटलं मारुतीची. "किती किलोमीटर चाललीय?" मी विचारलं.

"चालली? वाजली म्हणा जी! एकेचाळीस लगीनसराया वाजली."

मास्तरांचा नातू दहावीत होता आणि त्याला वाजवायला शिकायचं होतं. पण एका शहरी गृहस्थांनी ते वाद्य मागितलं होतं. त्यांना ते आपल्या खानावळीच्या भिंतीवर, एका बाजूला बैलगाडीचं चाक आणि दुसऱ्या बाजूला कंदील असं मध्यभागी टांगायचं होतं. रक्कम बरी देत होते. घरात दोन तट पडले होते. म्हणून कुणा जाणकाराने वाद्य बघून सांगावं, असं ठरलं. जाणकार म्हणजे मी. माझ्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे आणि समेच्या अर्धी मात्रा आधी मी "वाः" म्हणतो, एवढ्या भांडवलावर सासुरवाडीला माझी संगीतज्ञ म्हणून ख्याती आहे.

मी गेलो. मास्तरांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं वाद्य काढलं. डांबरगोळ्यांचा वास आला. वाद्य काळपट तपकिरी, कोपऱ्याकोपऱ्यांत हिरवं पडलेलं. एका चावीला रबर बँड लावलेला. भोंग्यावर झिजत आलेलं नक्षीकाम. मी हातात घेतलं, भुवया आक्रसल्या, उजेडाकडे धरलं, आणि रोगनिदान केलं:

"हा आधी स्वच्छ करायला हवा."

"आधी वाजवून तं पाहा जी," मास्तर म्हणाले.

"वाजवू हो! आधी जरा माणसात आणू त्याला."

मास्तर आणखी काही म्हणणार होते. पण गावच्या जावयापुढे ऐंशीच्या घरातला माणूससुद्धा बोलत नाही, ही आपल्याकडची रीत. या रीतीने आजवर किती नुकसान झालं आहे, याचा कुणीतरी हिशेब मांडायला हवा.

मी तो सॅक्सोफोन शहरात नेला आणि एका चकचकीत दुकानात दिला. त्यांनी त्याचा अंगरखा तेजाबाने उतरवला, फिरत्या चाकावर धरून घासला, पुन्हा घासला, वर सोनेरी लाखेचा पातळ हात दिला आणि पंधरा दिवसांनी परत केला. काय दिसत होता म्हणून सांगू! आमच्या हिने त्यात बघून टिकली सारखी केली.

मी विजयी मुद्रेने आंबागडला गेलो. छपरीत माणसं जमली. फडकं काढताच "अरे बाप्पा!" असा आवाज उठला. मास्तरांनी वाद्य घेतलं. त्यांचा अंगठा आपसूक मागच्या बाजूला, उजव्या अंगठ्याच्या आकड्यापाशी गेला आणि तिथे काहीतरी चाचपू लागला. एकदा चाचपलं, दोनदा चाचपलं.

"रेघा होत्या जी इथं," ते म्हणाले.

दर लगीनसराई संपली की आकड्याशेजारी सुईने एक बारीक रेघ ओढायची, अशी त्यांच्या उस्तादांची पद्धत होती. उस्तादांच्या चौदा, मास्तरांच्या सत्तावीस. माझ्या लग्नाची रेघही त्यातच होती. चाकावर सगळ्या सपाट झाल्या होत्या. भोंग्यावरचं नाव, नक्षी, नंबर, सगळं पुसट होऊन आता तिथे फक्त माझा चेहरा दिसत होता.

मग मास्तरांनी माउथपीस लावून फुंकलं. मधले दोन-तीन सूर निघाले. खाली उतरताच वाद्य घशात काही अडकल्यासारखं गुरगुरलं आणि बंद पडलं. मास्तरांनी ते अलगद मांडीवर ठेवलं.

"नवरदेव मस्त सजवला जी जवाईबापू. पन मुका केला."

मंडळी, 'पितळ उघडं पडणं' हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. प्रत्यक्षात उपयोग तो असा झाला.

पुढचे तीन दिवस मी त्या छपरीत शिक्षा भोगली. म्हणजे मास्तर सांगतील ते उचलून देत बसलो. आणि त्या तीन दिवसांत जुनं वाद्य कसं पारखायचं नि कसं लावायचं याची मला जी अक्कल आली, तिच्या जोरावर आता मी वरच्या चौघांकडे वळतो.

पहिले चकाकीवाले. यांना आधी हे सांगायला हवं की सॅक्सोफोन पितळेचा असला तरी पितळी वाद्यांच्या बिरादरीत बसत नाही. त्याच्या तोंडात वेताची पट्टी, म्हणजे रीड असते. त्यामुळे त्याचं गोत्र क्लॅरिनेटचं. बेल्जियममधल्या दिनां गावी जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला बँडमध्ये लाकडी वाद्यांची चपळाई आणि पितळी वाद्यांचा दणका एकत्र हवा होता. चकाकी हवी होती असं कुठे नोंदलेलं नाही. आवाज घडवते ती नळीच्या आत कोंडलेली हवा. भोक उघडलं की हवेची ती काठी आखूड होते आणि सूर चढतो. झाकलं की लांब होते आणि सूर उतरतो. तेव्हा सगळा खेळ झाकण घट्ट बसण्याचा. चकाकीने सूर सुधारतो, हे मला अजून कुणी ऐकवून दाखवलेलं नाही. उलट चाकावर घासताना जातं ते पितळच जातं. भोकांचे काठ झिजतात, जोड ढिले होतात, पॉलिशचा मळ चाव्यांच्या नळ्यांत जाऊन बसतो. कल्हई पुन्हा लावता येते, पण घासून गेलेलं पितळ परत कुठून आणणार?

मास्तरांची परीक्षा वेगळी होती. पहिल्या संध्याकाळी त्यांनी वाद्याची मान काढली आणि नळीत बंदुकीच्या नळीत बघावं तसं एका डोळ्याने पाहिलं. अंग वाकलंय का? वाकलं असेल तर लांब दांड्या अडकतात आणि चाव्या जड होतात. मग वरची वाकडी मान आडवी धरून पाहिली. वर्षानुवर्षं माउथपीस दाबून चढवताना ही मान खाली दबते आणि तिची गोल नळी अंड्यासारखी होते. मान अंगात घट्ट बसते का, तिथून हवा जाते का, हे तर पहिलंच. मग एकेक चावी चिमटीत धरून आडवी हलवली. ती खुळखुळत असेल तर समजायचं, नुसतं झाकण बदलून भागणार नाही.

मग नातवाने दिवाळीच्या बारीक दिव्यांची माळ आणली. ती नळीत सोडली आणि छपरीतला दिवा घालवला. काय सांगू! प्रत्येक झाकण मिटलं की त्याच्या काठातून उजेडाची एकेक कोर डोकावत होती. माझा चकचकीत सॅक्सोफोन आकाशकंदिलासारखा चहूबाजूंनी उजळला.

"याले म्हनतात पानी भरून पाहणं," मास्तर म्हणाले.

आता नाववाल्यांकडे वळू. हे लोक वाद्य बघत नाहीत, शिक्का बघतात. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९५४ साली 'मार्क सिक्स' नावाचा नमुना काढला, तो सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवला. उत्तम वाद्य, वादच नाही. पण त्याच्याभोवती इतकी भक्ती जमली की दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांची पितळी टरफलं वितळवून तो घडवला म्हणून त्याचा आवाज तसा, अशी आख्यायिका लोक आजही गंभीर चेहऱ्याने सांगतात. अहो, टरफलातून आवाज येत असता तर बाजारातला शेंगदाणेवाला गंधर्व नसता का झाला? अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावी कॉन, ब्युशर, मार्टिन या कंपन्यांनी सुंदर आल्टो बनवले. आपल्याकडे मेरठच्या जाली कोठीत पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्यं घडत आली. नाव मोठं असलं म्हणजे घडवणाऱ्याने तेव्हा काळजी घेतली होती, एवढंच कळतं. मधल्या सत्तर वर्षांत तो किती वेळा घोड्याच्या पायाखाली आला, हे शिक्का सांगत नाही. मोठ्या घराण्यातल्या मुलालाही आपण लग्नाआधी 'काय करतो' म्हणून विचारतोच ना?

नंबरवाले हे नाववाल्यांचे थोरले भाऊ. वाद्यावरच्या क्रमांकावरून सालं काढण्याचे तक्ते असतात. त्यात मार्क सिक्सचे पाच आकडी नंबर, म्हणजे एक लाखाच्या आतले, तेवढे अस्सल आणि नंतरचे सामान्य, असा एक पंथ आहे. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवाव्या वाद्यानंतर कारागीर घरी जेवायला गेले आणि परत आले ते वेगळेच कारागीर होते, असं बहुधा त्यांचं म्हणणं असावं. कद्री गोपालनाथ यांनी याच आल्टोवर सबंध कर्नाटक संगीत उतरवून दाखवलं. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यांनी हे वाद्य पहिल्यांदा ऐकलं आणि २०१९ साली ते वारले तोवर त्यांची उभी हयात त्याच्यावर गेली. त्यांच्या मैफिलीत "बुवा, नंबर किती?" असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण नंबरवाल्यांपाशी एक गोष्ट कामाची आहे, ती प्रामाणिकपणे कबूल करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या काही अमेरिकन वाद्यांवर नंबराजवळ 'एल' किंवा 'एच' असं अक्षर असतं. तेव्हा बँडचे दोन स्वर चालत. 'एल'चा षड्ज आजच्यासारखा, 'एच'चा जवळजवळ अर्धा सूर चढा. 'एच'वाला सॅक्सोफोन तुम्ही कितीही झिजलात तरी पेटीशी जुळणार नाही, कारण त्याची भोकंच त्या मापाने पाडलेली असतात. माउथपीस बाहेर ओढून एक सूर उतरेल, बाकीचे आपापल्या दिशांनी पळतील. तेव्हा अक्षर बघा, जरूर बघा. पण आधी पेटी घ्या. आल्टोचा 'सी' म्हणजे पेटीची काळी दोन. ती धरा आणि फुंकून बघा. कान काय सांगतो ते ऐका, मग डोळ्याला विचारा.

आमच्या वाद्याचा नंबर मीच पुसून घेतला होता. त्यामुळे मास्तरांना ते पेटीवरच तपासावं लागलं. मी श्वास रोखून पेटीचा भाता मारत होतो. काळी दोनला काळी दोन मिळाली, तेव्हा मला दहावी पास झाल्याचा आनंद झाला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी झाली ती लावणी. गाण्यातली नव्हे, वाद्याची. सॅक्सोफोनच्या प्रत्येक झाकणात एक पॅड असतं: पुठ्ठा, त्यावर फेल्ट, त्यावर पातळ कातडं. आल्टोला अशी पंचवीसेक लागतात. ती नातवाने मोबाइलवरून मेरठहून मागवली. ती झाकणात चिकटवायची ती लाखेने. विलायतेतही लाखच वापरत आले आहेत. ही लाख होते कुठे? तर पळसावर, कुसुमावर, बोरीवर, म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या रानात. पॅरिसच्या सॅक्सोफोनला पॅड धरून ठेवायला आपल्या रानातला किडा मदत करत आला, याचा त्या छपरीत मला अकारण अभिमान वाटला. मास्तर स्पिरिटच्या दिव्यावर झाकण तापवायचे, लाख मऊ झाली की पॅड सरकवून सपाट करायचे, आणि मग पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी झाकणाखाली ठेवून हलकेच ओढायचे. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. चारही बाजूंनी कागद सारखाच अडला पाहिजे. एका बाजूने सुटला की पुन्हा दिवा. एकेका झाकणाला पाऊण तास. मी तीन मिनिटांत "बसलं की!" म्हणायचो. मास्तर उत्तर न देता कागद ओढून दाखवायचे.

रबर बँडचं कोडंही उलगडलं. चावीखाली सुईसारखी पोलादी स्प्रिंग असते. ती मोडली की गरजू माणूस रबर बँड लावतो. जुनं वाद्य बघताना रबर बँड दिसला तर समजावं, मालकाला दुरुस्तीला पैसे नव्हते, पण वाजवणं थांबवायचं नव्हतं. मी तो पहिल्या दिवशी 'अव्यवस्था' म्हणून काढून फेकला होता. मास्तरांनी तिथे शिवणाची सुई तापवून, वाकवून, तोडून बसवली. सौ.च्या डब्यातून सुई मागताना मला कारण सांगावं लागलं. "कपडे घासून फाडलेत का आता?" असं तिने विचारलं.

त्यानंतर एकाबरोबर दुसरी मिटणाऱ्या झाकणांची जोडणी. एक आधी टेकलं तर दुसरं केसभर उघडं राहतं आणि खालचे सगळे सूर रुसतात. तिथे बुचाचा कपटा लावायचा, घासायचा, बघायचा. मग झाकण किती उघडावं ते. फार कमी उघडलं तर सूर कोंदट नि उतरा, फार उघडलं तर चढा आणि बोटं दमतात. शेवटी माउथपीस. जुन्या वाद्यांना आतून ऐसपैस पोकळी असलेलं माउथपीस मानवतं. आजकालचं अरुंद, कर्कश लावलं तर वरचे सूर चढे लागतात आणि लोक शिव्या वाद्याला देतात. सुनेशी पटत नाही म्हणून मुलाला वेडा ठरवण्यासारखंच हे!

आता चौथे, भिंतवाले. यांच्याशी माझं भांडण सर्वांत कडू आहे. हे म्हणतात, जुनी वस्तू आहे, मौल्यवान आहे, हात लावू नका, काचेत ठेवा. घासू नका, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं, आणि ते मला पंधरा दिवस आधी भेटले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण वाजवू नका? भिंतीवर टांगलेल्या सॅक्सोफोनची स्प्रिंग गंजते, कातडं वाळून तडकतं, फेल्टला कसर लागते. तुम्ही जपता ते वाद्य नसतंच, वाद्याचं प्रेत असतं. विहीर उपसली नाही तर पाण्याचं काय होतं, हे आंबागडच्या माणसाला किल्ल्याकडे बोट करून सांगता येईल.

एक पाचवा पक्षही आहे, आणि तो व्यवहारी असल्यामुळे जास्त अवघड आहे. तो म्हणतो, "एवढी यातायात कशाला? तेवढ्या पैशात नवा येतो." याला मी उडवून लावत नाही. शिकाऊ मुलाला नवा साधा आल्टोही चालतो, आणि पुष्कळदा तो पहिल्या दिवसापासून सुरात असतो. म्हणून तर पारख हवी! अंग वाकलेलं, मान चेपलेली, भोकांचे काठ झिजलेले असतील तर नमस्कार करून नवा घ्या. पण अंग सरळ असेल, मान शाबूत असेल, काठ सपाट असतील, तर पॅड, बूच, सुया या गोष्टी बदलण्यासाठीच असतात. जे बदलता येतं त्यासाठी वाद्य टाकू नये आणि जे बदलता येत नाही ते चकाकीपायी घालवू नये. माझं सगळं भांडण या एका वाक्यात आलं. ते शिकायला मला एकेचाळीस रेघा मोजाव्या लागल्या. त्यातही माझं नशीब म्हणा, चाकावर काठ झिजले ते थोडक्यात. सपाट कानशीने मास्तरांनी ते सारखे करून घेतले.

तिसऱ्या रात्री पुन्हा माळ सोडली, दिवा घालवला. मास्तरांनी सगळी झाकणं मिटली. छपरीत मिट्ट काळोख. माझ्या आयुष्यात मला काळोखाचा एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. मग त्या काळोखातच त्यांनी अगदी खालचा सूर फुंकला, तोही जोराने नव्हे, हळू. जोराने फुंकून गळका सॅक्सोफोनही ओरडतो. हळू बोलला तरच खरा, असं त्यांचं म्हणणं. तो सूर आला. दाणेदार, घोगरा, रडू आवरून बोलणाऱ्या माणसाचा. मी पुन्हा १९७९ सालच्या घोड्यावर बसलो.

खानावळवाल्या गृहस्थांना नकार गेला. त्यांनी भिंतीवर आता तुतारी टांगली आहे, असं कळलं. तुतारीच्या वतीने मी दुःखी आहे.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. आंबागडच्या मंडईत, दंडार सुरू होण्यापूर्वी, नातवाने पहिल्यांदा चारचौघांत वाजवलं. दोनदा रीड किंचाळली, एक चावी दमट हवेने चिकटली, ती त्याने नखाने सोडवली. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मास्तर कानामागे हात धरून मागच्या रांगेत बसले होते. वाजवून झाल्यावर पोरगा त्यांच्याकडे आला. त्यांनी टोपीच्या घडीतून एक सुई काढून त्याच्या हातात दिली. पोराने वाद्य उलटं केलं आणि अंगठ्याच्या आकड्याशेजारी, त्या आरशासारख्या गुळगुळीत पितळेवर, एक बारीक रेघ ओढली.

"एक," मास्तर म्हणाले.

मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी चष्मा काढून पुसला. पुसण्याची खोड अजून गेलेली नाही.